चंबळचे पाणी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या कानांवरून एक वाक्य शेकडो वेळा गेले असेल. घरातले एखादे पोर हट्टाला पेटले, शेजारच्या मुलाचे डोके फोडून आले, किंवा वडीलधाऱ्यांस उलटून बोलले, की आमची आजी कपाळाला हात लावून म्हणे, "चंबळचे पाणी प्यायलाय, दुसरे काय होणार!" वास्तविक आमच्या घरच्या नळास येणारे पाणी सांक नदीवरील तिघरा धरणाचे. चंबळचा एक थेंबही आमच्या पोटात गेलेला नव्हता. परंतु आजीच्या उपपत्तीस असल्या तपशिलाची अडचण कधीच झाली नाही.

या समजुतीमागे पुराणेही उभी केली जातात. राजा रंतिदेवाने यज्ञात मारलेल्या पशूंच्या कातड्यांतून जे रक्त वाहिले, तीच चर्मण्वती, अशी कथा आहे. द्रौपदीने या नदीस शाप दिला, असेही त्या मुलखातले लोक सांगतात. नदी शापित, म्हणून पाणी शापित, म्हणून ते पिणारा माणूस बंदूक घेऊन बीहडात उतरणार! ऐकणाऱ्यास यात तर्काची साखळी दिसते आणि त्याचे समाधान होते. गुन्हा का घडतो, हा प्रश्न मनुष्यास मोठा अस्वस्थ करतो. आणि ज्या उत्तरात आपले स्वतःचे काही देणे लागत नाही, ते उत्तर त्याला लवकर पटते.

आम्ही शिक्षकी पेशात शिरलो तेव्हा पहिली नेमणूक मुरैना जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाली. खांद्याला बंदूक अडकवून मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करावयास येणारे पालक आम्ही तेथे प्रथम पाहिले. त्या दिवसांपासून या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचावयाचे, असा छंद जडला. मराठीचा शिक्षक आणि त्याला गुन्हेगारीच्या शास्त्राचा छंद, याचे आमच्या सहकाऱ्यांस हसू येई. तथापि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, ती ही की, मोठमोठ्या पंडितांच्या उपपत्त्यांतही आजीचे ते चंबळचे पाणी निरनिराळ्या नावांनी वाहत आलेले आहे.

इटलीत सीझर लोम्ब्रोसो नावाचा वैद्य होऊन गेला. एका गुन्हेगाराची कवटी तपासत असता तिच्या पाठीमागच्या बाजूस त्याला एक खळगा दिसला. तसा खळगा खालच्या प्रतीच्या प्राण्यांत आढळतो, असे त्याचे मत होते. त्या एका खळग्यातून त्याने सिद्धान्त वर काढला, तो असा की गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो, उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहून गेलेला तो रानटी मनुष्य होय, आणि त्याचा पुढे आलेला जबडा, लांब हात व मोठे कान यांवरून तो ओळखता येतो. १८७६ साली त्याचा ग्रंथ निघाला व युरोपभर गाजला. पुढे इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेतली, ती सैनिक, विद्यार्थी इत्यादी सामान्य माणसांच्या मापांशी ताडून पाहिली, आणि १९१३ साली जाहीर केले की गुन्हेगाराचा म्हणून काही निराळा देह असल्याचे आढळत नाही. लोम्ब्रोसोची उपपत्ती शास्त्रज्ञांच्या दरबारातून अशी बाहेर पडली. परंतु नाटक-सिनेमात खलपुरुषाच्या गालावर अजूनही व्रण काढावाच लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे राज्य पुरते बुडालेले नाही हे कळते.

आमच्या दृष्टीने याहून मोठा प्रश्न निराळा आहे. लोम्ब्रोसोचा ग्रंथ निघण्याच्या पाच वर्षे आधीच, १८७१ साली, हिंदुस्थानातील इंग्रज सरकारने त्याच्याही एक पाऊल पुढचा कायदा केलेला होता. लोम्ब्रोसो निदान एकेका माणसाची कवटी तरी मोजीत होता. आमच्याकडे संबंध जमातीच्या जमाती 'जन्मजात गुन्हेगार' म्हणून कागदावर नोंदल्या गेल्या. 'गुन्हेगार जमातींचा कायदा' तो हाच. येथे बाप सुतार तर मुलगा सुतार, बाप लोहार तर मुलगा लोहार, हे साहेबाने पाहिले होते. तेव्हा बाप चोर तर मुलगा चोर, हा धंदाही जातीचाच असणार, असे त्याने ठरवून टाकले. या कायद्याने ज्यांची नोंद झाली त्यांनी ठरावीक वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये. आरंभी हा कायदा उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झाला, १९२४ मध्ये पुन्हा नव्याने केला गेला. सोलापुरात या लोकांसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती, हे त्या बाजूच्या वाचकांस सांगावयास नकोच.

या जमातींत भटके फार होते. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरणाऱ्या बंजाऱ्यांचे उदाहरण घ्या. मिठावर सरकारी कर बसला, मागून आगगाडी आली, आणि त्यांच्या तांड्यांचा पिढीजात व्यापार बसला. ज्याचा धंदा गेला आणि ज्याला घर-शेत नाही, त्याच्याकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहणार? स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. परंतु बहुतेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले आणि ठाण्यातली दृष्टी पूर्वीचीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले व त्यास पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांच्या माराने सुरू होणारा दिवस कसा असतो, हे त्या पुस्तकाने आपल्या मध्यमवर्गीय घरांत प्रथम पोचविले. आमच्या घरीही ते आले, वाचले गेले, वाखाणले गेले आणि कपाटात ठेवले गेले. त्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

रक्तात आणि कवटीत गुन्हा सापडेना, तेव्हा विद्वानांनी समाजाकडे मोर्चा वळविला. बेल्जममधील गणिती केतले याने १८३५च्या सुमारासच दाखविले होते की एखाद्या देशात दरवर्षी किती खून व किती चोऱ्या होतील, हे आकडे आश्चर्य वाटावे इतके स्थिर असतात. गुन्हेगार दरवर्षी निराळे, पण बेरीज मात्र जवळजवळ तीच! त्यावरून त्याने काढलेले अनुमान असे की, गुन्ह्याची तयारी समाज करतो, आणि गुन्हेगार हा केवळ हत्यार असतो. फ्रान्सचा समाजशास्त्रज्ञ दुरखैम तर याहून पुढे गेला. गुन्हा हा समाजाचा रोग नसून सर्वच समाजांत आढळणारी स्वाभाविक गोष्ट आहे, असे त्याने १८९५ साली लिहिले तेव्हा सज्जनांना धक्का बसला. अमेरिकेत रॉबर्ट मर्टन याने १९३८ साली एक सुटसुटीत सूत्र मांडले. समाज सर्वांस एकच साध्य दाखवितो, ते म्हणजे पैसा मिळवा, मोठे व्हा. परंतु तेथवर जाणारा सरळ जिना सर्वांना उपलब्ध करून देत नाही. ज्याला जिना नाही, तो भिंतीवरून चढतो.

मर्टनचे सूत्र वाचताच पटते, पण एका ठिकाणी ते अडते. भिंतीवरून चढणारे सगळे गरीबच असतात काय? जिना ज्यांच्या घरचा आहे ते का चढतात? एडविन सदरलँड या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासकाने हाच प्रश्न विचारला, आणि 'पांढरपेशी गुन्हेगारी' हा शब्दप्रयोग १९३९ मध्ये त्यानेच रूढ केला. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रतिष्ठित अधिकारी लबाड्या करतात, त्यांत समाजाचे नुकसान घरफोड्याने केलेल्या नुकसानीच्या कित्येक पट असते. आणि त्यांच्यापैकी कोणी दारिद्र्यात वाढलेला नसतो, कोणाचा जबडा पुढे आलेला नसतो! सदरलँडचे म्हणणे असे की गुन्हा हा शिकण्याचा विषय आहे. जवळच्या माणसांत राहून जसे आपण बोलावयास शिकतो, तसेच गुन्ह्याचे तंत्र आणि गुन्ह्याचे समर्थनही शिकतो. कायदा मोडण्यास अनुकूल असे बोलणे ज्याच्या कानांवर अधिक पडते, तो कायदा मोडतो. शिक्षकाला ही उपपत्ती फार जवळची वाटते, कारण तिच्यात त्याच्या धंद्याचा गौरव आहे. मात्र तीच उपपत्ती त्याला घाबरवतेही. आम्ही वर्गात 'सत्यं वद' शिकवितो, आणि त्याच दिवशी मुलगा घरी पाहतो की वीजमीटर मागे फिरविणाऱ्या माणसास वडिलांनी चहा पाजला.

आता चंबळकडे परत येऊ, कारण हा मुलूख म्हणजे या साऱ्या उपपत्तींची परीक्षाशाळा आहे. भिंड-मुरैनाकडे डाकू हा शब्द कोणी तोंडावर वापरीत नसे. तिकडचा शब्द 'बागी'. बागी म्हणजे बंडखोर. आम्ही नोकरीच्या गावी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा तो केवळ आदरार्थी असेल असे वाटले होते. पुढे १९५७ सालचा साईक्स आणि मात्झा या दोघा अमेरिकनांचा लेख वाचनात आला आणि त्या शब्दाची किल्ली मिळाली. त्यांचे निरीक्षण असे की, कायदा मोडणाऱ्या मुलांना भले-बुरे कळत नाही असे मुळीच नाही. ते त्यांना चांगले कळते. म्हणूनच मनाची टोचणी बोथट करणारी काही वाक्ये त्यांना जवळ बाळगावी लागतात. 'माझा नाइलाज होता.' 'त्यात कोणाचे काय गेले?' 'त्याला हेच पाहिजे होते.' 'पोलीस काय कमी चोर आहेत?' 'मी माझ्या माणसांसाठी केले.' ही पाचही वाक्ये 'बागी' या एका शब्दात बसतात. मनुष्य तोच, बंदूक तीच, मारले गेलेले शेतकरीही तेच. पण डाकूला रात्री झोप लागणार नाही, बागीला लागेल.

याचा अर्थ बागींची गाऱ्हाणी खोटी होती असा नव्हे. पानसिंह तोमर हे नाव आता चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झाले आहे. मुरैना जिल्ह्यातील भिडोसा गावचा हा मनुष्य सैन्यात सुभेदार होता, अडथळ्यांच्या लांब शर्यतीत राष्ट्रीय विजेता होता, १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत भारतातर्फे धावला होता. निवृत्तीनंतर गावी आला, जमिनीवरून भाऊबंदांशी तंटा झाला, आणि अखेर १९८१ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. लोम्ब्रोसोला तो दाखविला असता तर त्याच्या देहाची मापे पाहून त्याने आदर्श नागरिक म्हणून पाठ थोपटली असती. मर्टनचा जिनाही त्याने चढून झाला होता. मग उणे काय होते? चंबळच्या त्या मुलखात जमीन स्थिर राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यात घळी शेतांत शिरतात, काल जेथे मेर होती तेथे आज खड्डा असतो. सुपीक जमीन थोडी, वारस पुष्कळ. तंटा तहसील कचेरीत न्यावा तर निकाल लागेतो पिढी सरते. आणि अपमान गिळणाऱ्या पुरुषाला गावात तोंड दाखवावयास जागा नसते. या सर्वांच्या जोडीला पावलावर बीहड, म्हणजे हजार माणसे लपतील एवढी भुलभुलय्या, आणि घरात बंदूक. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर पाण्याला दोष देण्याची गरज उरत नाही.

तथापि येथे थांबून एक प्रश्न विचारणे भाग आहे. मेरेचे तंटे तर गावोगाव होते, बंदुका घरोघर होत्या. मग सगळीच गावे बीहडात का उतरली नाहीत? आम्ही ज्या गावी शिकवीत होतो, तेथे एका पालकांच्या थोरल्या भावाचा खून झालेला होता आणि मारेकरी समोरच्या आळीत राहत होते. एके दिवशी धीर करून आम्ही विचारले, तुम्हांला कधी बदला घ्यावासा वाटला नाही? ते म्हणाले, "मास्टरजी, वाटला. रोज वाटतो. पण दोन मुलींची लग्ने व्हायची आहेत." ट्रॅव्हिस हर्शी याने १९६९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा सारांश आम्हांस या उत्तरात सापडला. हर्शी म्हणतो, मनुष्य गुन्हा का करतो हे विचारू नका, तो का करीत नाही हे विचारा. आईबापांची माया, शाळेची ओढ, गमावण्यासारखे काहीतरी, हातांना काम, आणि नियमांवर विश्वास, हे धागे माणसाला बांधून ठेवतात. धागे तुटले की पाऊल घसरावयास मोठे कारण लागत नाही.

आणि तुटलेले धागे पुन्हा जोडता येतात काय? याचे उत्तरही चंबळनेच दिले आहे. थोर डाकू मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र पाठविले, आणि १९६० च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मुरैनाच्या बीहडात पायी फिरले. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला, बडोद्यास वाढलेला हा म्हातारा, हाती शस्त्र नाही, संगे पोलीस नाही. त्याच्यापुढे वीस जणांनी बंदुका ठेवल्या. पुढे १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथील गांधी सेवा आश्रमात माधोसिंह, मोहरसिंह आदींच्या टोळ्यांनी जयप्रकाश नारायणांपुढे शरणागती पत्करली. फाशी होणार नाही एवढी हमी होती. बाकी खटले चालले, शिक्षा झाल्या, आणि मुंगावलीस त्यांच्यासाठी खुला तुरुंग उघडला गेला. सुटल्यावर माधोसिंह जादूचे प्रयोग करीत फिरला, तर मोहरसिंह मेहगावच्या नगर पंचायतीचा अध्यक्ष झाला. ज्या मोहरसिंहाच्या डोक्यावर सरकारने लाखांनी इनाम लावले होते, तो गावच्या नळांची व गटारांची व्यवस्था पाहू लागला! जन्मजात गुन्हेगाराच्या उपपत्तीस या एका माणसाचे काय करावे हे सांगता येणार नाही. अर्थात हेही नमूद केले पाहिजे की, ज्यांचे आप्त या टोळ्यांनी मारले होते, त्यांना या शरणागतीच्या सोहळ्यात कोणी व्यासपीठावर बोलाविले नव्हते. त्यांची बाजू मांडणारी उपपत्ती आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

मराठी वाचकांस खुल्या तुरुंगाचे नवल वाटू नये. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले गेले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना. कैद्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, ही तेथील रीत. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ'चे मूळ तेथे आहे, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. हा चित्रपट आमच्या वडिलांनी तीनदा पाहिला होता आणि प्रत्येक वेळी घरी येऊन आम्हां मुलांवर हात उगारणे काही दिवस थांबविले होते.

बोस्टन शहरातली एक तपासणी याच दिशेची आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने सुधारगृहांतली पाचशे मुले आणि तशाच गरीब वस्त्यांतली सरळ वागणारी पाचशे मुले निवडून वर्षानुवर्षे त्यांची माहिती जमविली. तिच्यावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये निघाला. ती कागदपत्रे पुढे हार्वर्डच्या एका तळघरात खोक्यांत पडून होती. सॅम्पसन आणि लाउब या दोघांनी ती उपसली, आणि सुधारगृहातल्या त्या मुलांचा त्यांच्या सत्तराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. आढळले असे की बहुतेक सगळे केव्हा ना केव्हा गुन्ह्यातून बाहेर पडले. कोणाला बायको चांगली मिळाली, कोणाला टिकाऊ काम मिळाले, कोणी सैन्यात गेला. लहानपणाची लक्षणे पाहून कोण सुटेल आणि कोण अडकेल, याचे भाकीत करता आले नाही.

हे वाक्य वाचले तेव्हा पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ बसून राहिलो होतो. कारण असे भाकीत आम्ही स्वतः एकदा केलेले होते.

२०१६ सालची गोष्ट. तहसिलीच्या एका गावी आम्ही मुख्याध्यापक म्हणून रुजू होतो. गावाबाहेर पारध्यांचा डेरा होता आणि त्यातला एक मुलगा नववीत होता. त्या डेऱ्यातून नववीपर्यंत आलेला तो पहिलाच. दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी सरकारी सायकली आल्या होत्या. वाटपाच्या आदल्या दिवशी मोजणीत एक कमी भरली. आम्ही कोणाचेही नाव घेतले नाही, हे खरे. परंतु परिपाठाच्या वेळी सर्व शाळेदेखत त्या मुलास पुढे बोलाविले आणि विचारले, "काल संध्याकाळी तू कोठे होतास?" दुसऱ्या एकाही मुलास तो प्रश्न विचारला नाही. तो काही बोलला नाही. खाली पाहत उभा राहिला, आणि आम्हांला त्या खाली पाहण्यातच कबुली दिसली. 'उचल्या' आमच्या कपाटात होते, हे येथे पुन्हा सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा आला नाही. महिनाभराने हजेरीपटावरून नाव कमी केले आणि नोंदवहीत आचरणाच्या रकान्यात 'असमाधानकारक' असे आमच्या हाताने लिहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर सायकल सापडली. गावातील एका प्रतिष्ठित घरच्या मुलाने ती मौजेखातर नेऊन मामाच्या गावी ठेवली होती. त्याचे आजोबा स्वतः भेटावयास आले, क्षमा मागितली, आणि 'पोर आहे, चुकले' असे म्हणून सायकल परत करून गेले. आम्हीही 'चालायचेच' म्हणालो. त्या मुलाच्या आचरणाच्या रकान्यात आम्ही 'उत्तम' लिहिले. आज तो चांगल्या हुद्द्यावर आहे.

विल्यम चॅम्ब्लिस याने १९७३ साली अमेरिकेतील एका गावच्या मुलांच्या दोन टोळ्यांविषयी लिहिले आहे. एका टोळीत चांगल्या घरांतली आठ मुले, दुसरीत गरीब घरांतली सहा. दोन्ही टोळ्या वात्रट. किंबहुना पहिली जरा अधिकच. परंतु पोलिसांनी आणि शिक्षकांनी पहिल्या टोळीला 'पोरकट' म्हटले व दुसरीला 'बिघडलेली'. आणि पुढच्या आयुष्यात बहुतेकांनी आपापले नाव खरे करून दाखविले. समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो हळूहळू त्या शिक्क्यासारखा होतो, ही हॉवर्ड बेकर आदींची उपपत्ती. ती वाचताना आमच्या मनात दुसरीच धास्ती होती. आमचा शिक्का कोठवर लागला, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सायकल सापडल्यावर आम्ही डेऱ्यावर गेलो होतो. तेथे राख आणि चार दगड होते. गुजरातकडे मजुरीस गेले, एवढेच कोणी सांगितले.

गेल्या जून महिन्यात प्रवेशाच्या गर्दीत एक तरुण कचेरीच्या दाराशी उभा राहिला. ट्रक चालवतो, जड वाहनाच्या परवान्यासाठी शाळेचा दाखला हवा, असे म्हणाला. नाव सांगितले तेव्हा आम्ही लिपिकाच्या हातातून नोंदवही स्वतःकडे घेतली. पान निघाले. तो रकाना तसाच होता. आम्ही त्याला बसावयास सांगितले आणि म्हणालो की ती सायकल सापडली होती. "हाँ सर, सुना था," तो म्हणाला. कोणाकडून, केव्हा, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. आमच्याने जे बोलवले ते बोललो, आणि ते फार थोडे होते.

नोंदवहीत खाडाखोड करण्यास नियमाने बंदी आहे. तथापि दाखल्यावर आचरण काय लिहावे हा मुख्याध्यापकाचा अधिकार. आम्ही लेखणी उचलून 'उत्तम' लिहू लागलो, तेव्हा तो टेबलावर वाकून पाहत होता. म्हणाला, "सर, जन्मतिथि ठीक से देख लीजिए. बाकी कोई नहीं पढ़ता."

आम्ही जन्मतारीख पुन्हा ताडून पाहिली. बरोबर होती. सही करून, शिक्का मारून कागद त्याच्या हाती दिला. चहा मागविला होता, पण रस्त्यावर गाडी उभी आहे असे सांगून तो निघून गेला.